डब्याचा दगड

डोंगर चढायला मला नोकरीने शिकवलं. धानोऱ्याच्या सपाट शिवारात वाढलेली मी. आमच्याकडे उंच म्हणजे शेताचा बांध, फार तर पाटाचा काठ. नर्सिंग संपवून नेमणुकीचा कागद हातात आला, त्यावर अक्कलकुव्याच्याही पुढच्या एका उपकेंद्राचं नाव होतं. वडिलांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "सहा महिना काढ. मंग बदली करी लेऊत." मी तिथे बावीस वर्षं काढली.

उपकेंद्र डांबरी रस्त्याला लागून होतं, पण माझी माणसं सगळी वर. सात पाडे, त्यातला सगळ्यात लांबचा चढाला दोन तासांचा. महिन्यातून एकदा लसीकरणाला जायचं. खांद्याला निळा डबा, त्यात बर्फाच्या वड्या आणि लशी. पहिल्या महिन्यात मला न्यायला वरून एक बाई आली. पाड्यावरची सुईण. माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठी, अंगाने काटकुळी, पायात काही नाही. तिला काय म्हणायचं ते मला कळेना. पाड्यावरची पोरं तिला याहा म्हणत. त्यांच्या बोलीत याहा म्हणजे आई. मीही तेच म्हणू लागले. ती मला तू म्हणे, कारण त्यांच्यात अहोजाहो नाहीच. डॉक्टरांनाही ती तूच म्हणे, आणि डॉक्टरांना ते आवडत नसे.

त्या पहिल्या दिवशी अर्ध्या चढावर माझा जीव मेटाकुटीला आला. वाटेच्या कडेला चुलीएवढा उंच, वरून सपाट दगड होता. मी डबा त्यावर टेकवला आणि खाली बसले. याहाने माझ्याकडे पाहिलं, मग डब्याकडे.

"डबा थकला का?" ती म्हणाली.

हसू आवरेना मला. तेव्हापासून तो डब्याचा दगड. हे नाव आमचं दोघींचंच. पाड्यावरची माणसं त्या जागेला काही म्हणत नसत, त्यांना तिथे थांबायची गरजच पडत नसे. कुणाबरोबर निरोप धाडायचा तर मी म्हणायची, याहाला सांग, डब्याच्या दगडापाशी ये. तो माणूस गोंधळून विचारी, कुठे? मग मी म्हणे, तू फक्त सांग, तिला कळेल.

पहिली दोन-तीन वर्षं मी त्या वाटेला शिव्या देत चढले. मग केव्हातरी ती आवडायला लागली. याहा चालता चालता दाखवायची. इथे महू, म्हणजे मोह, फुलला की अस्वल येतं. ह्या ओढ्यातला तिसरा दगड उचल, खाली खेकडा असतो. ही वेल कापली की पाणी गळतं, ती शेजारची कापलीस तर हाताला फोड येतील. कार्तिकात साग पिवळा पडायचा आणि त्यातून पलीकडची रांग दिसायची, तिच्यामागे आणखी एक, आणि सगळ्यात मागे नर्मदेच्या बाजूचा नुसता धूसर पट्टा. डब्याच्या दगडाच्या थोडं वर उजवीकडे एक पायवाट फुटे, ती धबधब्याकडे. त्याचा आवाज वर्षभर ऐकू यायचा. पण पहिल्या दहा वर्षांत मी तो एकदाच पाहिला. बर्फ वितळत असताना धबधबे बघायला कोण जातं?

माझ्या नोकरीचं विसावं वर्ष असेल. भादव्याचे दिवस होते. सकाळी आठच्या सुमाराला वरून एकजण धावत आला. त्याच्या भावाची बायको पहाटे बाळंत झाली होती. मुलगी होती, रडली होती, वारही पडली होती, पण रक्त थांबत नव्हतं. याहाने निरोप दिला होता, बाईला म्हणावं, डब्याशी बसू नको, सरळ ये.

मी पावणेदोन तासांत पोचले. ती मुलगी वीस-एकवीसची असेल, पहिलटकरीण. तिला मी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, तिचं वजन केलं होतं, खाली येऊन राहा म्हणून सांगितलं होतं. ती हो म्हणाली होती. पण मोर नावाचं भरडधान्य आणि मका यांची निंदणी आटपायची होती आणि दिवस आठवडाभर आधीच भरले. मी इंजेक्शन दिलं, पोट चोळलं, सलाइन लावलं. रक्त कमी झालं, थांबलं नाही. खाली न्यायला हवं होतं. मी निघतानाच बोलावलेली दवाखान्याची गाडी खाली येऊन थांबली होती आणि गाडीने दवाखाना पंचवीस मिनिटांवर होता.

पुरुषांनी बांबू तोडला, गोधडी बांधली, तिला झोळीत घेतलं. झोळी म्हणजे एक लांब बांबू, एक माणूस पुढे, एक मागे. सहाजण आलटून पालटून खांदा देणार होते. नवरा पहिल्यापासून पुढे होता, तो बदली घ्यायलाच तयार होईना. मी सलाइनची बाटली हात उंच करून धरलेली, एका हाताने तिची नाडी. याहा दुसऱ्या बाजूने चालत होती. बाळ वर आजीपाशी ठेवलं होतं.

डब्याच्या दगडाखाली वाट वाहून गेली होती. नुसता लाल चिखल. पुढे असलेला नवरा घसरला, गुडघ्यावर पडला, पण बांबू सोडला नाही त्याने. सगळे तिथेच खाली बसले. मुलीने पाणी मागितलं, मी ओठ ओले केले. मग ती याहाशी काहीतरी बोलली. याहाने तिला उत्तर दिलं आणि तिच्या कपाळावरून हात फिरवला. नंतर मी विचारलं तेव्हा याहाने सांगितलं, ती विचारत होती की पोरीला काही पाजलं का. याहा म्हणाली होती, पाजलं.

शेवटच्या वळणावरून खाली गाडी दिसते. काडेपेटीएवढी दिसत होती. ड्रायव्हरने मागचं दार उघडून ठेवलं होतं. त्या वळणावर माझ्या बोटाखालची नाडी थांबली. मी बाटली तशीच उंच धरून उतरत राहिले. गाडीपाशी पोचल्यावर नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं.

आता पुढचं सांगते. बाळंतीण गेली की कागद भरावे लागतात. त्यात एक रकाना असतो, उशिराचं कारण. मी लिहिलं, पाड्याला रस्ता नाही. कागद वर गेला आणि परत आला. आमच्या खात्याच्या कचेरीत मला बोलावून घेतलं. समोरचे गृहस्थ वाईट नव्हते, त्यांनी मला चहा पाजला.

"सिस्टर, रस्ता हा आपल्या खात्याचा विषय नाही," ते म्हणाले. "हे असं लिहिलं तर उद्या आपल्यालाच विचारतील. नातेवाईकांनी आणायला उशीर केला, असं लिहा. तेही खोटं नाहीच ना? वेळेवर खाली येऊन राहिली असती तर?"

मी खोडलं. माझ्याच अक्षरात लिहिलं, नातेवाईकांनी उशीर केला. ज्या माणसाने सोललेल्या खांद्याने बांबू सोडला नव्हता त्याच्याबद्दल मी हे लिहिलं, सही केली आणि उरलेला चहा प्यायले.

पुढे महिनाभर मला त्या पाड्यावर जाववेना. मग लाजेपोटी की काय, मी रस्त्यासाठी अर्ज करायचं ठरवलं. नुसता अर्ज कोण वाचतो, म्हणून सोबत नकाशा जोडायचं डोक्यात आलं. एका रविवारी मी आणि याहाने दोरी घेऊन पायथ्यापासून पाड्यापर्यंत वाट मोजली. दोरीचं एक टोक ती धरी, दुसरं मी. ती पुढे जाऊन उभी राहायची, मी आकडा लिहायची. संध्याकाळी कोऱ्या कागदावर मी सगळं रेखलं. उपकेंद्र, ओढा, दरड, डब्याचा दगड, धबधब्याकडे जाणारा फाटा, आणि वर पाडा. पाड्यावरची एकूणएक घरं काढली. याहाला तिचं घर दाखवलं तर तिने कागदावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

तालुक्याच्या एका कचेरीत एका साहेबांनी तो नकाशा खरंच उघडून पाहिला. मला किती बरं वाटलं तेव्हा.

"छान काढलाय," ते म्हणाले. "हा धबधबा बारमाही आहे का?"

"हो साहेब. पाडा त्याच्या वर आहे. एकेचाळीस घरं आहेत."

"हो, हो. पण उन्हाळ्यात पाणी असतं?"

"असतं साहेब. कमी असतं, पण असतं."

त्यांनी पेनाने तिथे गोल केला. मला वाटलं, पाण्याची सोय विचारतायत म्हणजे वस्तीचंच डोक्यात आहे. मी घरी येऊन जेवले आणि निवांत झोपले.

रस्ता आला नाही. मी तीनदा जाऊन विचारलं. जमीन जंगलाची आहे, वस्ती लहान आहे, उतार फार आहे. मग ते साहेब बदलून गेले. पुढे माझीही बदली झाली, सपाटीवर, आणि शेवटची वर्षं मी तिथेच काढून निवृत्त झाले.

माझा भाचा नंदुरबारला बँकेत आहे. चांगला मुलगा आहे, हे आधीच सांगते. त्याचा एक फिरणाऱ्यांचा ग्रुप आहे. शिक्षक, वकील, दोन डॉक्टर, एक कपड्याचे दुकानदार आणि त्यांच्या मिसेस. रविवारी पहाटे गाडी करून निघतात. तोरणमाळ झालं, होळी बघायला काठी गाव झालं. गेल्या पावसाळ्यानंतर तो घरी आला.

"मावशी, घर बठीसन काय करशी? चाल आम्हना संगे. तुन्हाच डोंगर शे. तठे आते पायऱ्या व्हई गयात."

"कसान्या पायऱ्या?"

"धबधबापावत. रेलिंग शे, गेट शे. तुले काहीच तरास व्हवाव नही."

मी म्हटलं, "तठे मन्हं काम व्हतं. फिरानं ठिकाण नव्हतं ते." पण पायऱ्या हा शब्द माझ्या मनात राहिला. पायऱ्या झाल्या म्हणजे वाट झाली. कशी का होईना, झाली. मी जायचं ठरवलं, आणि खरं सांगते, त्या आठवड्यात मी खूश होते.

गाडीत पोहे झाले, अंताक्षरी झाली. मला सगळ्यांसारखा हिरवा टी-शर्ट दिला होता, तो मी पातळाच्या ब्लाउजवर चढवला होता. पायथ्याशी माझं जुनं उपकेंद्र होतं, त्याच्या पुढे पन्नास पावलांवर कमान. कमानीचे खांब सिमेंटचे, पण बांबूसारखे पेर पाडलेले आणि वर हिरवा-पिवळा रंग. आत पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना तसलेच सिमेंटचे बांबू. आणि त्या कठड्यांच्या पलीकडे खरे बांबू उभे.

कमानीपाशी फलक होता, त्यावर नकाशा. ओढा, दरड. मधे एक लाल ठिपका आणि ठळक अक्षरात लिहिलेलं, डब्याचा दगड. नकाशा धबधब्यापाशी संपत होता. त्याच्या वर झाडं रंगवली होती आणि एक मोर.

मी त्यावर पाड्याची घरं शोधत होते. भाच्याने तिथे माझा फोटो काढला.

दगडाभोवती चौथरा बांधलाय. गाइड म्हणून आलेला तरुण शहरातला होता, पण मन लावून सांगत होता. "पूर्वी एक राणी शत्रूपासून पळताना या वाटेने आली. तिच्या दागिन्यांचा डबा तिने या दगडावर ठेवला, पाणी प्यायला ओढ्यावर गेली आणि परत आलीच नाही. म्हणून हा डब्याचा दगड."

"हे नाव कोणी दिलं?" मी विचारलं.

"फार जुनं आहे मावशी. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय."

दुकानदारांच्या मिसेसनी दगडाला हात लावून नमस्कार केला.

धबधब्यापाशी सपाट ओटा केलाय, फोटोसाठी. डबे उघडले, खाणं झालं. मग एका डॉक्टरांनी मला म्हटलं, "सिस्टर, तुम्ही इथे इतकी वर्षं होता. तुमचे अनुभव सांगा ना." सगळे गोल करून बसले. मी सांगितलं. डबा कुणाचा ते सांगितलं. झोळी सांगितली. त्या मुलीने काय विचारलं ते सांगितलं. कागदात काय लिहिलं ते मात्र नाही सांगितलं, माझी हिंमत झाली नाही.  एका शिक्षिकेने डोळे पुसले. मग कुणीतरी म्हणालं, फार हृदयस्पर्शी, आणि कुणीतरी म्हणालं, चला, ग्रुप फोटो राहिलाय.

ओट्याच्या मागे कठडा होता आणि कठड्यापलीकडे पाड्याकडे चढणारी तीच जुनी पायवाट. मी वाकून खालून पलीकडे गेले. भाचा मागून हाक मारत होता, मी हाताने थांब म्हटलं आणि चढायला लागले. माझे गुडघे आता चांगले नाहीत. वाट पूर्वी होती तशीच होती, दोन ठिकाणी आणखी खचलेली.

याहा अंगणात, उन्हाळ्यातल्या आमचुराला पुन्हा ऊन दाखवायला पसरलेल्या चटईपाशी बसली होती. तिच्या डोळ्यांत फुलं पडली आहेत, मला तिने आवाजावरून ओळखलं. तिने मला जवळ बसवलं, माझ्या टी-शर्टचं कापड चाचपलं आणि विचारलं, हे काय घातलंय? मग सुनेला काळा चहा ठेवायला सांगितला.

मी विचारलं, "पायऱ्यांवरून बायांना खाली न्यायला बरं पडत असेल ना?"

"पायऱ्यांवर झोळी वळत नाही," ती म्हणाली. "बांबू लांब असतो. दोन्हीकडून ते सिमेंटचं. पहिल्याच वळणावर अडकते. एकदा नेली होती, तर बांबू डोक्यावर उचलून कठड्यावरून काढावा लागला. पेशंट ओरडत होती. आता जुन्याच वाटेने नेतात. पायऱ्यांमुळे तीही अर्धी मोडलीये."

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. फलकावर डब्याचा दगड लिहिलंय ते सांगितलं. आपणच दोरीने मोजलेली वाट ती, माझ्याच कागदावरून त्यांनी धबधबा उचलला, हे सांगितलं.

 "दोरी मी धरली होती," ती म्हणाली. मग म्हणाली, "तू माझं घर काढलं होतंस ना त्या कागदावर?"

"काढलं होतं."

"मग ते कुठे गेलं?"

 एवढं झाल्यावर मला राहवेना. मी त्या रकान्याचंही सांगून टाकलं. आधी काय लिहिलं होतं, मग काय लिहिलं, कुणाच्या नावावर उशीर घातला. तेवढ्यात सुनेने चहा आणून ठेवला. याहाने तिचा कप हातात घेतला नाही. आमचुराच्या फोडी ती हाताने परतत राहिली, परतलेल्याच पुन्हा परतत राहिली.

"तिचा नवरा ऊस तोडायला गुजरातला आहे," ती शेवटी म्हणाली. "पोरगी आश्रमशाळेत आहे. त्याला हे सांगू नको."

"नाही सांगणार."

"मला का सांगितलंस मग?"

 मन हलकं करायला सांगितलं, हे खरं उत्तर होतं, आणि ते तिला देण्यासारखं नव्हतं. मी निघाले. पूर्वी ती मला पाड्याच्या टोकापर्यंत सोडायला यायची. त्या दिवशी ती उठली नाही.

परतीच्या गाडीत भाचा माझ्या शेजारी बसला. हळूच म्हणाला, "मावशी, सगळास्ना मूड गया ना. लोके फिराले येल शेतस. एवढं सांगानी काय गरज व्हती?"

"त्यास्नीच इचारेल व्हतं," मी म्हटलं.

"इचारेल व्हतं, पण तू जरा बरं सांगती ना."

मी खिडकीकडे तोंड केलं. तो वाईट मुलगा नाही. त्या गाडीत एकही माणूस वाईट नव्हता, आणि मला चहा पाजणारे ते गृहस्थही नव्हते. हे मी स्वतःला कितीदा सांगितलंय, आणि दरवेळी मला अधिकच राग येतो.

पुढच्या महिन्यात मी एकटी एसटीने गेले. कमानीवर मी निवृत्त नर्स आहे, पाड्यावर चाललेय असं सांगितलं. तिथला माणूस म्हणाला, वर काही नाही आजी, धबधब्यापर्यंतच आहे. मी जुन्या वाटेने चढले, वाटेत चारदा बसले. याहा घरात होती. आतून तिचा खोकला ऐकू येत होता. सुनेने पाणी दिलं, खाट टाकली आणि आत जाऊन आली.

"झोपली आहे," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

मी तासभर त्या खाटेवर बसले. मग उठले आणि उतरले. त्यानंतर गेले नाही.